ग्रंथालयाच्या स्लॅबवर राब

विद्यापीठात सगळी नोकरी काढली असं सांगितलं की समोरचा माणूस जरा अदबीनं विचारतो, "विषय कोणता?" मी सांगतो, "गळती." फिरकी घेतल्याचा आनंद मिळतो, पण त्यात खोटं काही नाही. विद्यापीठाचं पेणचं संकुल आहे ना, रामवाडीला उतरून खाडीच्या अंगाला चालत गेलं की लागतं ते, तिथं मी बांधकामाचा सुपरवायझर होतो. प्राध्यापक यायचे, निवृत्त व्हायचे. कुलगुरू यायचे आणि यथावकाश भिंतीवरच्या फोटोत जायचे. छपरं मात्र जागच्या जागी गळत राहायची, आणि ती माझ्या ताब्यात होती.

माझं घर रोह्याचं. आमच्या मोहल्ल्यात आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागेल. माझे सगळे भाऊ तिकडेच, बांधकामावरच. सुट्टीवर आले की काचेच्या उंच इमारतींचे फोटो दाखवायचे आणि विचारायचे, "लतीफ, तुझं सध्या काय चाललंय?" मी म्हणायचो, "मुलींच्या वसतिगृहाचे मागचे संडास." मग घरभर हसणं. अम्मी मात्र माझी बाजू घ्यायची. म्हणायची, "तो रोज माझ्या हातचं जेवतो, तुमच्या इमारतींना काय चाटायचंय?"

पण माझं काम त्यांच्यापेक्षा अवघड होतं, हे मी आजही छातीठोक सांगेन. नवीन इमारत बांधायला नकाशा लागतो, सिमेंट-सळई लागते आणि वरून शिव्या देणारा एक साहेब लागतो. जुन्या इमारतीत बदल करायचा तर प्रत्येक भिंतीमागे कुणाची तरी सवय उभी असते. भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुखांना सकाळचं ऊन फळ्यावर येतं म्हणून खिडकी सरकवून हवी होती. आम्ही सरकवली. गिलावा, रंग, सगळं केलं. काही महिन्यांत त्यांची खोली बदलली आणि तिथं आलेल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, "जिथं खिडकी हवी तिथंच तुम्ही भिंत का घातलीत?" आस्थापना विभागातले दोन कारकून एकमेकांशी बोलत नसत, म्हणून त्यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन घातलं. दोन वर्षांनी त्यांचा समेट झाला. तेव्हा चहाचा कप पलीकडे देता यावा म्हणून त्याच पार्टिशनला आम्ही एक झरोका कापून दिला. असली कामं कुठल्या पुस्तकात शिकवत नाहीत.

तर ग्रंथालयाची गोष्ट सांगायची आहे.

आमचं ग्रंथालय बैठं होतं, कौलारू. पुस्तकं वाढत गेली, कपाटं व्हरांड्यात आली, मग शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली गेली. शेवटी वर एक मजला चढवायचा असं ठरलं. कौलं उतरवायची, स्लॅब टाकायचा आणि पुढच्या हंगामात वर वाचनकक्ष बांधायचा. कोकणात छप्पर उघडायचं तर पावसाचं भान ठेवावं लागतं, आणि सरकारी मंजुरी ते भान कधी ठेवत नाही. ती ऐन उन्हाळ्यात आली. आम्ही पुस्तकं ताडपत्रीत बांधली, कौलं उतरवली, दिवसरात्र शटरिंग केलं आणि मिरगाच्या आधी स्लॅब ओतला. मुकादमानं नारळ फोडला, सगळ्यांना मटण खाऊ घातलं.

आता थोडं धंद्याचं. लोकांना वाटतं, सिमेंट वाळून घट्ट होतं. तसं नाही. ते पाणी पिऊन घट्ट होतं. ओतलेला स्लॅब उघडा वाळू दिला तर त्याला भेगा पडतात. म्हणून त्यावर कमी सिमेंटच्या मालाचे बोटभर उंचीचे बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी साठवून ठेवतात. याला तराई म्हणतात. आमच्याकडे हे काम करणारी माणसं म्हणजे भातशेतीवाली. त्यांना कितीही सांगा, दोरी लावून सरळ बांध घाला. त्यांचे बांध वळणं घेतच जायचे आणि एका वाफ्यातलं जास्तीचं पाणी दुसऱ्यात उतरायला कोपऱ्यात बरोबर एक तोंड ठेवलेलं असायचं. वरून बघितलं तर ग्रंथालयाच्या डोक्यावर खाचरं काढल्यासारखी दिसायची. मी ते कधी बदलायला गेलो नाही, कारण तराई मात्र झकास व्हायची.

पाऊस सुरू झाला आणि मुकादमाची सगळी माणसं लावणीला गावोगाव पांगली. ती गौरी-गणपती झाल्याशिवाय परतत नाहीत. साहेबलोक दरवर्षी यावर चिडतात, आणि दरवर्षी माणसं जातात. स्लॅब उघडाच पडला, खांबांच्या सळया वर आलेल्या. देखरेखीला मी एकट्या चांगुणाला ठेवलं होतं.

चांगुणा आगरी बाई. गाव आमच्या कुंपणाच्या पलीकडेच, खारेपाटातलं. खारेपाट म्हणजे खाडीला बांध घालून अडवलेली भातजमीन. नवरा कंपनीत शिफ्टला, शेत हिच्या अंगावर. आमच्याकडे घमेली उचलायला यायची. बोलणं कमी आणि आवाज मोठा. मुकादम तिला घाबरायचा, त्यामुळे माझी ती लाडकी होती.

तराईचे दिवस भरले तशी मी तिला सांगितलं, वाफे फोडून टाक आणि पाणी काढून दे. खाली ग्रंथपाल वैद्यबाई रोज मान वर करून छताकडे बघत बसायच्या. त्यांचा स्लॅबवर विश्वासच नव्हता. "कौल गळलं तर कुठं गळतं ते दिसतं तरी," असं त्यांचं म्हणणं. पुस्तकांवर त्यांचा जीव होता, आणि त्या पुस्तकांच्या डोक्यावर मी तळं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो तर वाफे जसेच्या तसे. चांगुणा काठावर बसलेली, शेजारी प्लास्टिकची पिशवी.

"काय गो, फोडले नाहीस?"

"भाय, ते वाफं फोडू नका," ती म्हणाली. "मना द्या."

"तुला? कशाला?"

"उधानाला बांध फुटला. खारा पानी शिरला शेतान. सगला राब जलला. गावाचा जलला, माजा पन."

राब म्हणजे भाताची रोपं तयार करायची जागा, आणि त्यातल्या रोपांनाही आमच्याकडे राबच म्हणतात. तो गेला की लावणीला काही उरत नाही. मी म्हटलं, दुसरीकडून रोपं आण. कोलाडला तिची बहीण दिली होती, तिच्याकडे रोपं असणार.

"बहीन देतंय की. ती गोड्या पान्याची रोपां. आमच्या खारान ती चार दीस नाय जगायची." तिनं पिशवी उघडून दाखवली. तांबूस, बुटके दाणे. "हा रता. खारान ह्योच उभा ऱ्हातो. सासूच्या सासूपासूनचा बी हाय. येवढाच ऱ्हायलाय घरान. ह्यो पेरला नि नाय आला, तं बी संपला."

"मग अंगणात पेर."

"आंगनान पानी हाय, भाय. खारा." तिनं वाफ्यात बोट बुडवलं. "हितं गोडा हाय."

मी स्लॅबभर फिरलो. सुपरवायझरच्या डोक्यात आधी वजन येतं. पुस्तकांनी भरलेली कपाटं पेलायला टाकलेला स्लॅब, त्याला बोटभर मातीचं काय ओझं? भीती होती ती पाणी जायच्या तोंडांची. माती जाऊन ती तुंबली तर मात्र पंचाईत. दुसरी भीती नियमाची. विद्यापीठाच्या छपरावर भात पेरू नये असा नियम मी तरी वाचला नव्हता. पेरावा असाही नव्हता. आणि खरं सांगू, त्या पायली-दीड पायलीच्या पिशवीकडे बघून मला वाईट वाटलं. माझ्या घरात पैसे आखातातून येत होते, तांदूळ दुकानातून. असं कुणाच्या सासूच्या सासूपासून आलेलं आमच्याकडे काहीच नव्हतं.

"खाली प्लास्टिक अंथरायचं," मी म्हटलं. "माती बोटभर, वर नाही. पाण्याची तोंडं रोज मोकळी करायची. आणि छतातून एक थेंब जरी खाली आला तर त्याच दिवशी सगळं काढायचं."

"व्हय," ती म्हणाली आणि उठून कामाला लागली. आभारबिभार काही नाही.

बागेच्या ढिगातली गोडी माती तिनं घमेल्यानं वर नेली. बी भिजवून मोड आणलेलं होतं, ते वाफ्यांत फेकलं. खाली गावातली माणसं पावसात उभी राहून फुटलेला बांध हातानं भरत होती, आणि इथं वर चांगुणा पक्षी हाकलत बसलेली असायची. चार-पाच दिवसांत ग्रंथालयावर हिरवी लव दिसायला लागली. ते लपवणं शक्य नव्हतं. अर्थशास्त्राच्या वर्गातून तर सरळ दिसायचं.

वैद्यबाई इतक्या वर्षांत कधी कुठल्या गच्चीवर चढल्या नसतील. त्या दिवशी छत्री घेऊन नव्या जिन्यानं वर आल्या.

"लतीफभाई, हे काय?"

"तराई चालू आहे, बाई."

"अस्सं. आणि या तराईची कापणी कधी?"

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई पेणच्याच, खारेपाटात बांध फुटतो म्हणजे काय ते त्यांना मी शिकवायची गरज नव्हती. पण खालची पुस्तकं त्यांचीच होती. त्या म्हणाल्या, "माझ्या पुस्तकांवर एक थेंब पडला तर मी हे स्वतःच्या हातानं उपटीन."

चांगुणा वाकलेली होती, ती सरळ झाली. "बाई, थेंब पडला तं मीच उपटीन. तुमाला वाकायला नाय लावायची."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मला तिथं काही काम नव्हतं, म्हणून मी पाण्याचं तोंड साफ करू लागलो.

थेंब पडला नाही, पण डाग पडला. एका सकाळी वैद्यबाईंचा शिपाई मला शोधत आला. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांवर, छत आणि जुनी भिंत जिथं मिळते तिथं, हातभर ओल उमटली होती. बाई खंड उतरवत होत्या. मी आणि शिपाई लागलो त्यांच्या हाताला. मग वर जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण गेलो.

ओल राबाची नव्हती. जुन्या भिंतीचा आणि नव्या स्लॅबचा सांधा नीट भरला गेला नव्हता, पावसाचं पाणी तिथून उतरत होतं. राब नसता तरी ते उतरलंच असतं. हे मी चांगुणाला सांगत होतो, पण ती ऐकत नव्हती. भिंतीकडचे वाफे तिनं फोडायला घेतले होते. मी म्हटलं, "अगं, थांब, तुझा दोष नाही." ती म्हणाली, "दोस कुनाचा का असंना, मी बोलली ती बोलली." कोवळी रोपं मुळासकट उचलून ती दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवत होती. नेता नेता कितीतरी मोडली. वेळेच्या फार आधी हात लागला होता त्यांना. जवळजवळ अर्धा राब तिथं गेला.

मी सांधा खोदला, डांबर आणि सिमेंट भरलं, वर ताडपत्री बांधली. संध्याकाळपर्यंत डाग वाढला नाही, दुसऱ्या दिवशी सुकायला लागला. वैद्यबाई पुन्हा वर आल्या. मोकळ्या झालेल्या वाफ्यांच्या काठानं फिरून आल्या. मला म्हणाल्या, "उरलेलं राहू दे." जाताना आपली छत्री रोपांच्या शेजारी ठेवून गेल्या, चांगुणाला बसायला. स्वतः भिजत खाली उतरल्या.

पुढच्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून सोमणसाहेब आले. अभियंते, गाडीतून येणारे. वर चढले आणि थबकले.

"लतीफ, हे कृषी विद्यापीठ कधीपासून झालं?"

मी सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "उद्याच्या उद्या साफ करा हे. कुणी फोटो काढला तर मला उत्तर द्यावं लागेल."

"करतो साहेब. तेवढं लेखी पाठवा."

आमच्या खात्यात मुरलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. तोंडी हुकूम गाडीतून येतो आणि गाडीतूनच परत जातो. लेखी हुकूम टंकलेखनाला जातो, सहीला जातो, जावक विभागात जातो आणि मग टपालात पडतो. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग रोपांकडे बघितलं. रागावले होते की हसत होते, मला नीट कळलं नाही.

"किती दिवसांचं आहे हे अजून?"

"आठेक दिवस."

"हल्ली टपाल फार उशिरा पोचतं," असं म्हणून साहेब खाली उतरले.

लावणीच्या दिवशी गावातल्या आठ-दहा बाया आल्या. प्लास्टिकमुळे मुळांना खाली जायला जागा मिळाली नव्हती, ती एकमेकांत गुंतून बसली होती. राब उपटावा लागलाच नाही. चटईसारखा गुंडाळून डोक्यावर घेता आला. एकेक बाई हिरवी गुंडाळी डोक्यावर घेऊन ग्रंथालयाच्या जिन्यानं उतरत होती. वैद्यबाईंनी पायऱ्यांवर गोणपाटं टाकून ठेवली होती. परीक्षेचे फॉर्म भरायला आलेली मुलं वाट सोडून उभी राहिली. कुणी हसलं नाही. खाली बांध भरून झाला होता, पावसानं खाचरं धुऊन काढली होती. चांगुणाचं सगळं शेत काही त्या रोपांत झालं नाही. एक खाचर लागलं. बाकीचं त्या वर्षी पडीक राहिलं.

लेखी हुकूम त्यानंतर आला. मी "पूर्तता केली" असं कळवलं.

दिवाळीच्या सुमाराला मी तिला विचारलं, पीक कसं आहे. "अर्धा पोचट," ती म्हणाली. मग, "पन बी सुटला." तिच्या तोंडावर असं हसू मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्या एका खाचराच्या बियाण्यावर तिचं पूर्ण शेत लागलं, आणि शेजारच्या दोघांनीही तिच्याकडून रता नेला. ग्रंथालयावर तोवर वाचनकक्ष उभा राहिला होता. तिथं मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत बसायची. त्या मजल्याचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा दुसऱ्या कुठल्या कामाचा वाटला नाही, आणि भाऊ आले की मी त्यांना मुद्दाम तो दाखवायला नेत असे.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण संकुल वाढत गेलं, त्यात माझा पगार होता, हेही सांगायला हवं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी परीक्षा भवन मंजूर झालं. आत जागा उरली नव्हती. कुंपणापलीकडची काही जमीन विद्यापीठाला मिळाली. लोकांना मोबदला मिळाला, फसवणूक कुणाची झाली नाही. नकाशा माझ्या टेबलावर आला, तो घेऊन मी जागेवर गेलो. रेषा कुठून जाते ते कळायला मला मोजपट्टी लागली नाही. चांगुणाचं शेत सबंध आत येत होतं, आणि तिच्याकडून रता नेणाऱ्या त्या दोघांचंही. रता पिकून पिवळा झाला होता.

माझ्या हातात फार काही नव्हतं. कापणी होईपर्यंत चुन्याची रेघ मारायची नाही, एवढं मी कंत्राटदाराला बजावलं. तो म्हणाला, उशीर होतो आहे. मी म्हटलं, लेखी दे. तेवढे दिवस मिळाले. तिनं भात कापलं, झोडलं, पेंढा वाहून नेला. मग भराव सुरू झाला. जमीन मऊ, ट्रक आत उतरेना. काठावर मुरूम ओतायचा आणि पुढे माणसांनी घमेल्यानं न्यायचा, असं ठरलं.

पहिल्या दिवशी हजेरीला चांगुणा उभी. केस पांढरे झाले होते, बाकी तीच.

मी तिला बाजूला घेतलं. "तू इथं नको गो. ग्रंथालयात रंगकाम आहे, तिकडे जा."

"रंगकामाला मना कोन घेतंय? हितं हजेरी हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग लावा."

ती चुंबळ डोक्यावर ठेवून माझ्यासमोर वाकली. घमेलं भरणारा गडी अजून आला नव्हता. मीच फावडं घेतलं, मुरूम भरला आणि घमेलं तिच्या डोक्यावर चढवलं. ती सरळ झाली, पण लगेच निघाली नाही.

"बी ठेवलाय घरान," ती म्हणाली. "वरती टांगून. दोन वरसां ऱ्हातंय बी. मंग नाय उगवत."

 ती चालत गेली आणि घमेलं आपल्या खाचरात ओतून रिकामं परत घेऊन आली. मी दुसरं भरलं.